नऊ बाकांवरचा एक दुधी

नवीन पनवेल
६ जानेवारी २०२६

ती. चंद्रावती आत्यास,
मनस्वीचा सा. न. वि. वि.

फोन करायचा तर तो आईचा, आणि आई तो स्पीकरवर टाकते. म्हणून पत्र. पप्पांनी पाकिटं आणून दिली आणि कशाला हवीत ते विचारलंही नाही. पप्पा तुझेच भाऊ शोभतात.

तुला माहीत आहेच, यंदा चौथीला आईच माझी वर्गशिक्षिका आहे. घरी आई आणि शाळेत बाई. चुकून वर्गात आई म्हटलं की सगळे हसतात. आता तिने सकस डब्याची मोहीम काढली आहे. मधल्या सुट्टीआधी सगळ्यांनी डबे उघडायचे. हिरवी भाजी असेल तर भिंतीवरच्या तक्त्यात नावापुढे हिरवी चांदणी. वेफर्स, नूडल्स असतील तर घरी चिठ्ठी. मुख्याध्यापिका रोज येऊन चांदण्या मोजतात आणि आईला शाबासकी देतात.

सगळे वैतागले होते. मग मला एक युक्ती सुचली. मी पहिल्या बाकावर बसते. माझा डबा आधी तपासला जातो. चांदणी लावायला आई भिंतीकडे वळली की माझा डबा बाकाखालून मागे जातो. ती परत वळली की पुन्हा थांबतो. असा माझा एक दुधी नऊ जणांनी दाखवला! नऊ चांदण्या!! वर्गातला कल्पेश म्हणतो की मी मोठेपणी मंत्री होणार.

हे खोटं झालं का गं? हा डबा तुझाच का, असं आईने कोणाला विचारलेलंच नाही.

तुझा लोभ असू दे आणि तोंड बंद असू दे.

तुझी
मनस्वी

करंजा, उरण
१० जानेवारी २०२६

चि. मनस्वीस,
आत्याचे अ. उ. आ.

तुजं पत्र मासळीच्या पाटीपाशी बसूनच वाचलं. येवढी हसले की गिऱ्हाईक म्हनलं, मावशी, पापलेट स्वस्त झालं का काय. मी सातवी शिकलेली बाय, बोलते तशीच लिवते. चुका काढू नको, बाईंची पोर हायेस म्हणून.

युक्ती झ्याक हाय. तुजा बाप तुज्यायेवढा होता तवा कारल्याच्या फोडी खिशात घालून खाडीवर न्यायचा आन माशांना टाकायचा. मासेपन खात नव्हते. तवा ही अक्कल कुठून आली ते मला ठाव हाय.

पन मला दोन गोष्टी कळल्या नाय. नऊ जनांनी दुधी दाखवला, मग तो खाल्ला कोनी? आन त्या नऊ जनांच्या पोटात गेलं काय? नीट बघ आन मला कळव. सांगू नको कोनाला, नुसतं बघ.

खोटं का खरं ते मागाहून बोलू. आदी पोटाचं बोलू.

माज्या भावाला सांग, तब्येत सांभाळ. आठवन काढत जा.

तुजी
आत्या

नवीन पनवेल
१५ जानेवारी २०२६

ती. आत्यास,
मनस्वीचा सा. न. वि. वि.

मी बघितलं. बघितलं नसतं तर बरं झालं असतं.

दुधी कोणीच खात नाही, मीसुद्धा नाही. तो आम्ही नळामागे टाकतो. तिथे एक कुत्रा येतो, तो वास घेऊन जातो. बाकीचे दप्तरातले वेफर्स खातात. पण निरीत काहीच खात नाही.

निरीत माझ्या मागच्या बाकावर बसते. तिची आई मिरियममावशी दवाखान्यात नर्स आहे, पहाटेच ड्यूटीवर जाते. निरीत आधी रोज तांदळाची भाकरी आणि उकडलेलं अंडं आणायची. त्यात हिरवं काही नाही म्हणून तिला चांदणी मिळायची नाही. पूर्ण तक्त्यात तिची एकटीची ओळ कोरी होती. मग तिने घरी सांगून टाकलं की शाळेतच जेवण देतात. तेव्हापासून ती माझा दुधी दाखवते, चांदणी घेते, आणि पाणी पिऊन खेळायला येते.

काल कवायतीत ती चक्कर येऊन पडली. गुडघा फुटला. आईने तिला उचलून सावलीत नेलं, ग्लुकोजचं पाणी दिलं आणि डबा खाल्लास ना म्हणून विचारलं. निरीत माझ्याकडे बघत हो म्हणाली.

सांगितलं तर नऊ जण पकडले जातील. नाही सांगितलं तर ती परत पडेल. आज मी तिला माझी पोळी देऊ केली, पण ती घेत नाही. म्हणते, मला भूक नाही. काय करू? लवकर लिही. या वेळी गंमत नको.

तुझी
मनस्वी

करंजा, उरण
१९ जानेवारी २०२६

चि. मनस्वीस,
अ. उ. आ.

हे पत्र मिळंल त्याच दिवशी आईला सांग. नऊ नावं सांगू नको, तुजं येकटीचं सांग. युक्ती तुजी, डबा तुजा. आई रागावली तर रागावू दे, तिच्या रागानं कोनी मेलं नाय. उपाशी पोरीचं मात्र बरं नाय.

आन दुसरं. तुमी पोरं भाजी खात नाय कारन ती तुमच्यापुढं तपासायला येते, जेवायला येत नाय. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी येते, मासळी नेनाऱ्या धर्मराजच्या टेम्पोतून. संगं मडकं, भांबुर्डीचा पाला आन वालाच्या शेंगा आनते. आईला सांग, मैदानात पोपटी लावायची परवानगी काढ. पोपटी म्हंजी मडक्यात पाला आन भाज्या भरून ते जाळावर भाजायचं. हर पोरानं घरातून येक भाजी आनायची, कुटलीबी. कोनाची कुटली ते विचारायचं नाय.

भिऊ नको. खरं बोलायला येकदाच दम लागतो.

तुजी
आत्या

नवीन पनवेल
२८ जानेवारी २०२६

ती. चंद्राताईंस,
विनिताचा सा. न. वि. वि.

शनिवारी तुम्ही टेम्पोची घाई केलीत आणि मनातलं बोलायचं राहिलं. घरातली पत्रं माझ्या नकळत येत-जात होती, आता एक माझंही जाऊ दे.

मनस्वीने सगळं सांगितलं तेव्हा मी भाजी चिरत होते. ती रडत होती आणि मला राग येत नव्हता, कारण मला ते ठाऊक होतं. आमच्या त्या डब्याला एका बाजूला पोचा आहे. युक्ती सुरू झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो पोचा मला नऊ बाकांवर भेटला. पण मुख्याध्यापिका वाखाणत होत्या, तक्ता हिरवागार दिसत होता. मी पाहिलं आणि चांदण्या लावत राहिले. हे मी लेकीला सांगितलं, तेव्हा ती माझ्यापेक्षा जास्त रागावली. मग निरीतलाही तू लावत राहिलीस का, असं तिने विचारलं.

त्याच संध्याकाळी मी मिरियमकडे गेले. भाकरी आणि अंडं हे उत्तम जेवण आहे, चुकले ते मी, असं निरीतसमोर सांगितलं. मिरियमने चहा टाकू का विचारलं, त्यावरून तिचा राग गेला हे समजलं.

पोपटीचं तुम्ही पाहिलंतच. कल्पेशने आणलेली वांगी त्यानेच चार खाल्ली, आणि शेंगा सोलताना मुलांनी एकमेकांच्या पुढ्यातल्या पळवल्या. ज्या मुलांच्या घरी मी चिठ्ठ्या धाडल्या, तीच मडक्याच्या तळाशी हात घालत होती. कोणी किती भाजी खाल्ली, असं मुख्याध्यापिकांनी सोमवारी झेंडावंदनानंतर विचारलं. मोजायचं राहून गेलं, असं मी सांगितलं. तक्ता उतरवला आहे. त्या जरा नाराज आहेत, होतील ठीक.

काल मधल्या सुट्टीत मी माझा डबा घेऊन पहिल्यांदाच मुलांमध्ये बसले. शेवटच्या बाकावरच्या नोमने लगेच फर्मान काढलं की बाईंचाही डबा तपासायचा. सगळे भोवती जमले. ताई, मी सकाळी घाईत कोपऱ्यावरच्या गाडीवरून दोन बटाटेवडे घेतले होते. झाकण उघडलं. मनस्वीने कपाळाला हात लावला.

निरीतने आपली अर्धी भाकरी मोडली, तिच्यावर मेथीची भाजी ठेवली, माझ्या झाकणात वाढली आणि मी खाईपर्यंत समोरून हलली नाही.

मायेचा हात डोक्यावर असू द्या, आणि पुढच्या वेळी घाईत जाऊ नका.

तुमची
विनिता