डबा कुणाचा

८ सप्टेंबर, सोमवार
म्हणे मला कळत नाही! सुमंतदादाचं नेहमीचंच. "तू तिकडं अमेरिकेत म्हाताऱ्यांची व्हॅन चालव, इकडचा म्हातारा मी बघतो." बघतो म्हणजे काय — खाटेवर बसवून ठेवतो. आबा आमचे वडील, पण त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही. "तुम्ही बसा." सहा महिने बसलेत. त्यांच्या पिठाच्या गिरणीला कुलूप. आता वहिनीला विचारतात, "तुम्ही कुणाच्या?"
खाटेचे पैसे मीच पाठवलेले. गादीसकट. म्हणून जास्त बोलता येत नाही.

१० सप्टेंबर, बुधवार
आज म्हाताऱ्यांच्या डे-सेंटरवर परीक्षा. इथल्या एडिसन गावातले आपले देशी आजी-आजोबा सकाळी घरून आणायचे, संध्याकाळी पोचवायचे, मधे कॅरमवर पावडर टाकायची — ही माझी नोकरी. नर्स निधीताईंनी प्रत्येकाला पकड मोजायचं एक हँडल दाबायला दिलं. मग चार मीटर चाला. मग एका मिनिटात प्राण्यांची नावं सांगा.
शशिकांतकाका, बँकेतून रिटायर. म्हणाले, "गाढव, बैल, लांडगा, आमचे रीजनल मॅनेजर." ताईंनी चौथा धरला नाही. काका जेवणापर्यंत भांडत होते.
एक बघितलं. ज्यांची पकड ढिली, चाल मंद, त्यांचेच प्राणी कमी पडले. सगळ्यांचे नाही, बऱ्याच जणांचे. ताईंना विचारलं, हाताचा न् डोक्याचा काय संबंध?
"दोन्ही बऱ्याचदा बरोबरच उतरतात. कोण कुणाला खेचतं ते पक्कं नाही. पण माणसाला नुसतं बसवून ठेवलं तर दोन्हीचं नुकसान."
मीपण हँडल दाबलं. पास. प्राणी अकराच आठवले. नववी नापास उगाच नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार
हायवेवरून उतरायची एक्झिट चुकली. व्हॅनमध्ये मागून शोभामावशी — "अरे, सेंटरला नेतोयस की पळवून नेतोयस?"
डोक्यात ती खाट.

१३ सप्टेंबर, शनिवार
सकाळी व्हिडिओ कॉलवर आबांची परीक्षा घेतली. प्राणी सांगा म्हटलं. "म्हैस." मग बराच वेळ काही नाही. मग परत "म्हैस." मग माझ्याकडं बोट — "हा कोण? बँकेचा का?"
हसलो. दुसरं काय करणार.
मग सुचलं. वहिनीला म्हटलं, शेजारणींचे दळणाचे डबे आणा, कुणाचे ते सांगू नका. चार आणले. आबा खाटेवरून उतरले. पहिला डबा दोन्ही हातांनी उचलला. दादा ओरडला, "आबा, बसा!" कोण ऐकतंय. झाकण काढलं, चिमूटभर ज्वारीचे दाणे चोळले.
"शाळू. काशीचा. बारीक दळा म्हणती, सासूला दात नाहीत. सासू मरून दहा वर्षं झाली, हिलाच नाहीत."
दुसरा, चेपलेला — "शाळेच्या शिपायाची बायको. पीठ कमी भरलं म्हणून भांडणार."
चारच्या चार बरोबर. शिव्यांसकट.
मी मात्र शेवटपर्यंत बँकेचाच.

१४ सप्टेंबर, रविवार
दादाला म्हटलं, गिरणी उघड. लहान डबे आबांना उचलू दे.
"पडले तर?"
"तू शेजारी उभा राहा की. नाहीतरी मोबाईल बघत उभाच असतोस."
म्हणाला, गिरणी विकली. मागच्याच आठवड्यात, शेजारच्या गावच्या देवदत्तला. दसऱ्याआधी तो उचलून नेणार.
"औषधाला लागतात पैसे. आणि चार वर्षांनी तू दिवाळीला येणार, घराला रंग नको?"
रंग! माझ्या नावानं.

१६ सप्टेंबर, मंगळवार
देवदत्तला फोन केला. साठ हजार परत आणि वर पाच दिले तर सौदा मोडतो म्हणतो. मुदत शनिवारपर्यंत. मोटर जळालीय, हेही हसत हसत सांगितलं. ती वेगळी, नवी तार गुंडाळून भरून घ्यायची.
माझ्या खात्यात भाड्यापुरते आहेत. बाकी सगळे विमानाच्या तिकिटात गेले.
वहिनी म्हणाल्या, "भावजी, याच दिवाळीला या. पुढच्या वर्षी तुम्हाला ओळखतील का, सांगता येत नाही."
निधीताईंना विचारलं, गिरणी सुरू झाली तर ओळखतील?
"असं कुणी लिहून देत नाही रे."
"मग करू नको?"
"ते मी कुठं म्हटलं?"
बायका सरळ उत्तर देत नाहीत. नर्स तर नाहीच.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
तिकीट कॅन्सल केलं. दोनशे डॉलर कापून घेतले. वहिनींच्या खात्यावर पाठवतोय — अठ्ठ्याहत्तर हजार. पासष्ट देवदत्तचे, उरलेले मोटरीला.