मनातली विनंती

१८ नोव्हेंबर, रविवार

प्रिय छकुली,

प्रभूमध्ये सलाम. तुझं पत्र पोचलं. खोली हवेशीर मिळाली हे वाचून बरं वाटलं. इकडे बाबांचा गुडघा कुरकुरतोय, आणि बाबा गुडघ्यापेक्षा जास्त. आपल्या लाँड्रीचं मोठं मशीन पुन्हा रुसलं होतं. एक लाथ घातली, सुतासारखं सरळ आलं.

बेकरीवाल्याबद्दल तू एका अक्षरानं विचारलं नाहीस. मीही लिहिणार नव्हते, पण आता लिहिल्याशिवाय घास उतरत नाही.

आपल्या शुक्रवारच्या प्रार्थनासभेची रीत तुला ठाऊकच आहे. ज्याला सांगायचं नसेल त्यानं उभं राहून ‘मनातली विनंती’ एवढंच म्हणायचं. मग तो पुन्हा उठून ‘देवानं ऐकलं’ म्हणेपर्यंत सगळ्यांनी त्यासाठी मागत राहायचं. उन्हाळ्यात मी तशी उभी राहिले. सगळ्यांना वाटलं, नवऱ्याच्या गुडघ्यासाठी असेल. बाबांनाही तेच वाटलं.

ते तुझं बेकरीवाल्याशी ठरलेलं लग्न मोडावं म्हणून होतं, बाळा.

मुलगा वाईट म्हणून नाही. मी वाफेत जन्म काढला, निदान तू तरी भट्टीपुढे काढू नयेस, एवढंच डोक्यात बसलं होतं. आणि तो? माझ्याच बाकावर, गुडघे टेकून, नखांत पीठ तसंच. “प्रभू, मावशींच्या मनातलं पुरं कर.” सगळ्यांत मोठ्यानं तोच मागायचा. मी आमेन म्हणायचे.

पण देवावर सोपवून गप्प बसायला विश्वास लागतो. तो माझ्याकडे कुठे होता? तुझी बाहेरगावच्या दोन वर्षांच्या नोकरीची ऑर्डर आली तशी मीच घाई केली. ‘दोन वर्षं थांबायला मला काय वेड लागलंय, असं तो म्हणाला’ हे तुला मीच सांगितलं ना? तो असं कधीच म्हणाला नव्हता. तू माझीच लेक, राग नाकावर. एका शब्दानं न विचारता अंगठी परत पाठवलीस. त्यानं मला विचारलं, तर ‘तिचं मन बदललं’ म्हणून मोकळी झाले.

त्यानंतर ‘देवानं ऐकलं’ म्हणायला जीभ रेटेना. माझ्या हातानं केलेलं देवाच्या नावावर कसं खपवू? म्हणून विनंती तशीच चालू राहिली. बाकीचे कंटाळून नुसते ओठ हलवायचे. तो मात्र चिकाटीनं मागत राहिला.

मागच्या आठवड्यात धुतलेले एप्रन न्यायला आला. म्हणाला, “मावशी, एवढं मागतोय, देव ऐकत का नाही? माझ्याच विश्वासात खोट असेल का हो?”

हातातली इस्त्री तिथेच राहिली. कुणाचा तरी शर्ट जळाला. मी सगळं सांगून टाकलं.

त्यानं काउंटरवरचे एप्रन बाजूला सारले. मग म्हणाला, “म्हणजे मी माझ्याच मुळावर उठलो होतो.” एप्रन न घेताच गेला.

शुक्रवारी सभेत त्याची जागा रिकामी. तुझ्यापासून तोडलं ते तोडलंच, पोरी, मी त्याला देवापासूनही तोडलं. मी उभी राहिले आणि पहिल्यांदा मनातलं तोंडानं मागितलं: त्याला परत आण. का, तेही सांगितलं. आमेन म्हणायला कुणी धजेना. शेवटी बाबा गुडघा धरून उठले आणि आमेन म्हणाले. घरी आल्यापासून मात्र माझ्याशी बोललेले नाहीत.

तू परत ये असं म्हणायचा हक्क मी घालवलाय. माझ्यावर हवी तेवढी रागाव. पण त्याला दोन ओळी लिही. तो तसं म्हणाला नव्हता हे तुला कळलंय, एवढं तरी.

एप्रन अजून इथेच आहेत. रोज सकाळी घडी मोडते, पुन्हा इस्त्री करते आणि काउंटरवर ठेवते. विश्वास किती आहे विचारशील, तर थोडासाच. पण इस्त्री रोज करते.

दाराकडे डोळे लावून बसलेली,
तुझी आई