वेंडेलचा स्फटिक आणि माझी सफाई

सोमवार, २ सप्टेंबर
वेंडेलने अखेर स्फटिक दिला. वीतभर उंच, धुरकट, बिनदुधाच्या चहाच्या रंगाचा. टोक असं की बघत राहावं. १९८३ साली त्याने डोंगरातल्या वरच्या कपारीतून काढला आणि एक्केचाळीस वर्षं वर्तमानपत्रात गुंडाळून गोठ्याच्या माळ्यावर ठेवला. गंज चढलाय, हिरवी माती बसलीय. बावीस तारखेच्या गावच्या प्रदर्शनात पहिल्यांदाच मांडणार. त्याचे हात थरथरतात, म्हणून सफाई माझ्याकडे. सबंध गावात त्याला मीच सुचलो, याची नोंद असावी.

शिवाय म्हणाला, हे प्रदर्शन होऊ दे, मग कपारीचं बोलू.

कपार! तोंडाशी त्याचा हातोडा ठेवलाय, दांड्यावर त्याच्या नावाची अक्षरं. हातोडा तिथे आहे तोवर आमच्या खोऱ्यातला कोणीही कपारीला हात लावणार नाही. अर्थात ती कुठे आहे हेच कोणाला माहीत नाही. बाकी सगळीकडे वीस वर्षं दोराच्या दुसऱ्या टोकाला मी होतो, पण तिथे तो एकटाच जायचा. आता गुडघे गेले. मूलबाळ नाही. वारस कोण, हे मी स्वतःच्या तोंडाने कशाला सांगू?

नियम: घाई नाही. हातमोजे. हेडीची भांडी वापरायची नाहीत.

मंगळवार, ३ सप्टेंबर
गंज काढायच्या ॲसिडसाठी मोठं भांडं हवं होतं. चीज वितळवायचं मातीचं भांडं बरोब्बर मापाचं निघालं. हेडी म्हणाली, ते माझ्या आईचं आहे आणि आता त्यात कोण जेवणार? मी म्हणालो, घासल्यावर काही राहत नाही. ती म्हणाली, मग पहिला घास तू घे. बायकोशी रसायनशास्त्रावर बोलू नये.

गुरुवार, ५ सप्टेंबर
गंज जवळजवळ गेला! आतून असा रंग निघालाय, खिडकीपाशी धरला तर ऊर भरून येतो. तीस वर्षं पोस्टाची पिवळी बस चालवून मी आयुष्य फुकट घालवलं. माझी खरी लाईन ही होती.

शुक्रवार, ६ सप्टेंबर, सकाळी
आमचा नळ फार खाली बसवलाय. हे मी १९९८ पासून सांगतोय.

त्याच दिवशी, जेवणानंतर
टोक तुटलं. अंगठ्याच्या नखाएवढं, जास्त नाही. टेक्निकली स्फटिकाचा नव्व्याण्णव टक्के भाग शाबूत आहे. आत आधीपासूनच चीर असणार. हेडीने बाहेरून आवाज ऐकला. म्हणाली, टोपी घाल आणि आत्ताच्या आत्ता वेंडेलकडे जा. मी म्हणालो, आधी जोडतो. जोडल्यावर सांगण्यासारखं उरणारच काय? तिने टोपी आणून माझ्यासमोर ठेवली. बहुतेक पटलं.

 

रविवार, ८ सप्टेंबर
चर्चबाहेर वेंडेल भेटला. विचारलं, कसाय आपला दगड? मी म्हणालो, गंज पूर्ण गेला. हे शंभर टक्के खरं आहे. तो म्हणाला, आणखी काही? मी म्हणालो, गुरुवारपासून पाऊस आहे म्हणतात. तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मोतीबिंदू असावा.

मंगळवार, १० सप्टेंबर
इन्स्टंट ग्लू. खरोखर इन्स्टंट. उजवा अंगठा पंचवीस मिनिटं स्फटिकाला चिकटून होता. हेडीने नेलपॉलिश काढायचं पाणी आणलं आणि म्हणाली, असाच जा ना वेंडेलकडे, वेगळं सांगावं लागणार नाही. हसली नाही. ती हसत नाही तेव्हा मला जास्त त्रास होतो.

टोक बसलं. किंचित डावीकडे. चारशे मीटरवरून कळत नाही.

बुधवार, ११ सप्टेंबर
प्रदर्शन भरवणाऱ्या आमच्या मंडळाचा नियम आहे की चिकटवलेला दगड मांडला तर शेजारच्या कार्डावर तसं लिहायचं. हा नियम २०११ साली मी मांडला होता. भाषणही केलं होतं, टेबलावर हात आपटून. पण आज नीट विचार केला. तो नियम व्यापाऱ्यांसाठी होता. मित्रांमधल्या छोट्या गोष्टींसाठी नव्हता.

संध्याकाळी पत्ते खेळताना वेंडेलने पुन्हा विचारलं, दगडाचं कसं काय? मी म्हणालो, उत्तम. आणि हुकुमाचा गुलाम भलत्याच डावात टाकला. बाकी दोघे मला शिव्या देत होते. वेंडेल देत नव्हता.

शुक्रवार, १३ सप्टेंबर
जुना जोड सोडवला, नवा ग्लू आणला. दोन नळ्यांचा, महाग, जर्मनीतला. डब्यावर लिहिलंय, साठ डिग्रीला सहा तास. सहा तास ओव्हन कोण अडवून ठेवणार? साठ डिग्रीला सहा तास, म्हणजे दोनशे चाळीस डिग्रीला दीड तास. गणित सरळ आहे.

त्याच दिवशी, दुपारी चार
धुरकट स्फटिक तापवला की त्याचा रंग उडतो. हे आमच्या खोऱ्यात शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. ठाऊक असायलाच हवं, दर वर्षी त्यांना हे सांगायला मीच जातो.

दगड आता पाण्यासारखा आहे. ग्लू मात्र जळून तपकिरी झालाय. म्हणजे दगडाला जो रंग हवा होता तो ग्लूला आला आणि टोकाखाली पट्टा दिसतो. एक्केचाळीस वर्षं माळ्यावर धूळ खाऊनही त्याला काही झालं नव्हतं. माझ्याकडे अकरा दिवस होता.

रविवार, १५ सप्टेंबर
डोकं दुखत होतं म्हणून चर्चला गेलो नाही. डोकं दुखत नव्हतं. वेंडेलचा फोन आला, आम्ब्रोस, बरा आहेस ना? आणि दगड? मी म्हणालो, वाळतोय. तो म्हणाला, वेळ घे रे बाबा, काही असलं तर सांग. इतक्या मायेने म्हणाला की मला त्याचा रागच आला.

सोमवार, १६ सप्टेंबर
रंग परत आणता येतो! रेडिएशन लागतं. भाची दाताच्या दवाखान्यात एक्स-रे काढते. तिला सहज म्हणून फोन केला. ती म्हणाली, मामा, तुझ्या दगडाला लागेल तेवढा एक्स-रे काढायचा तर मला हजार वर्षं नोकरी करावी लागेल आणि आमचे डॉक्टर जेवायची सुट्टीसुद्धा धड देत नाहीत. आजकालच्या पोरांना चिकाटी नाही.

मंगळवार, १७ सप्टेंबर
चहा. काळा, वीस पिशव्या. दगड त्यात दोन तास उकळला. चहा फक्त भेगांत जाऊन बसला. या भेगा ओव्हनने दिल्या असणार, कालपर्यंत दिसत नव्हत्या. आता दिसतात.

बुटाच्या पॉलिशबद्दल काही लिहीत नाही.

बुधवार, १८ सप्टेंबर
खिडकीतून पाहिलं तर वेंडेल येत होता. दोन्ही काठ्या घेऊन. आमच्या दाराच्या चौदा पायऱ्या तो ईस्टरनंतर चढलेला नाही. मी तळघरात गेलो. पळालो असं नाही, बटाटे बघायचेच होते.

वरून सगळं ऐकू येत होतं. त्याला धाप लागली होती. हेडीने कॉफी दिली. त्याने विचारलं, आहे का तो? ती म्हणाली, आहे म्हटलं तर आहे. मग बराच वेळ दोघं हळू बोलत होते. निघताना तो मोठ्याने म्हणाला, मला ऐकू यावं असं, की कपारीचा नकाशा काढून आणला होता, त्याच्या हातात द्यावा म्हटलं.

चौदा पायऱ्या. उतरताना प्रत्येक पायरीवर काठीचा आवाज येत होता. मी मोजले. मी बटाट्यांच्या पोत्यावर बसून होतो आणि वर जायला मला फक्त नऊ पायऱ्या होत्या. मी गेलो नाही. याला निमित्त सापडत नाही. उद्या सापडेल.

गुरुवार, १९ सप्टेंबर
सापडलं नाही.

शुक्रवार, २० सप्टेंबर
गेलो. दगड टॉवेलात गुंडाळून नेला. वाक्य तयार होतं: वेंडेल, सफाईत थोडी गुंतागुंत झाली. टॉवेल सोडला आणि तोंडातून एवढंच आलं की मी मोडला रे.

तो म्हणाला, सहा तारखेला. नळावर. हेडीने त्याच संध्याकाळी फोन केला होता.

म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चर्चबाहेर, पत्त्यांत, फोनवर, पायऱ्या चढून. चार वेळा विचारलं त्याने. मला वाटत होतं मी त्याला फसवतोय.

ओव्हनचं मात्र त्याला माहीत नव्हतं. दगड खिडकीपाशी नेला, फिरवला, टोकाखालचा पट्टा अंगठ्याने चाचपला, वास घेतला. म्हणाला, चहा? मी म्हणालो, चहा. आणि पॉलिश. मग तो खुर्चीत बसला. मी उभाच होतो.

म्हणाला, दगड फुटतो रे. मी निम्मा डोंगर फोडलाय. सहा तारखेला आला असतास तर तुटलेल्या टोकासकट मांडला असता आणि नकाशा तुलाच दिला असता. पण मला एक सांग, वर लोंबकळताना दोराचा एक पदर तुटलेला दिसला, तर तू मला सांगशील, की आधी गुपचूप रफू करून बघशील?

मी म्हणालो, सांगेन. मग म्हणालो, बहुतेक.

तो म्हणाला, तेच तर.

नकाशा हेडीकडे आहे. बुधवारपासून. माझ्याच घरात, आणि कुठे ठेवलाय हे मी विचारू शकत नाही. बर्फ पडायच्या आत ती तिच्या बहिणीला घेऊन वर जाणार आहे. एकसष्ट वर्षांची आहे आणि माझ्यापेक्षा बरी चढते. हे मी कधी कुठे लिहिलं नव्हतं.

रविवार, २२ सप्टेंबर, सकाळी सात
प्रदर्शन नऊला उघडतं. वेंडेलने एकच अट घातली होती. दगड आहे तसाच मांडायचा आणि कार्ड मी लिहायचं.

पहिलं लिहिलं: किरकोळ दुरुस्ती. त्याने परत दिलं. दुसरं लिहिलं: सफाईदरम्यान अल्प नुकसान, कुशलतेने जोडलेले. तेही परत दिलं, 'कुशलतेने'वर बोट ठेवून. हेडी शेजारी टेबल पुसत होती. एकच जागा तिने तीनदा पुसली.

तिसरं लिहिलं: शोधणारा वेंडेल. मोडणारा आम्ब्रोस. मग चिकटवला, भाजला, चहात उकळला, पॉलिश लावलं, आणि दोन आठवडे सांगितलं नाही. एका कार्डावर मावेना, खाली दुसरं जोडलं.

त्याने चष्मा लावून सगळं वाचलं. म्हणाला, तारीख राहिली. मी आजची घातली. त्याने माझ्या हातातलं पेन घेतलं, आजची तारीख खोडली आणि ६ सप्टेंबर लिहिली. अक्षर थरथरतंय, पण लांबूनही वाचता येतं.