पात्यावरचा अंगठा

सौ. नव्हे, आता नुसतंच आईस, सेकीहून कियोहारूचा नमस्कार.

मुळ्याचं लोणचं पोचलं. पाणी घालून पाती घासण्याच्या कामाने हातांना भेगा पडतात, पण ते मनावर घेऊ नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

बाबांची तलवार वर्षश्राद्धाआधी उजळून दे म्हणालीस. काम झालंय, फक्त अंगठ्याएवढी जागा राहिली. तिथे गंज चढलाय आणि त्यात बोटाच्या रेषा स्पष्ट दिसतात.

आठवतं, बोटाच्या घामाने पातं गंजतं म्हणून आम्ही मुलांनी उघड्या पात्याकडे हात नेला की बाबा म्हणायचे, "बोटं छाटून ठेवीन." शेवटच्या आजारात त्यांनीच ती म्यानातून काढून हाताळली असणार आणि पुसायला विसरले. इतकं विसरत होते, तर मला का नाही कळवलंस?

मला हे काम शिकवणाऱ्या गुरुजींनी विचारलं, "एवढं का सोडलंस?"

"बाबांचा अंगठा आहे," म्हटलं.

"गंज आहे तो. आत उतरेल, पातं खाईल." मग म्हणाले, "घरी विचार."

घासू की राहू देऊ, ते तू सांग. पण उत्तराची घाई करू नकोस. तोवर रोज सकाळी मी त्यावर तेल लावतो, माझं बोट लागू न देता.

तुझा,
कियोहारू