कढत पाणी आणि विसण

बाबा, आज मी तुमच्यावर मनापासून चिडलोय. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, उलट उत्तर मिळणार नाही, म्हणूनच एवढं धाडस. इथे सौदीत, अल खर्जला, मी काम करतो त्या डेअरीच्या आवारात मला मिळालेलं जुनं घर आहे. मागच्या खोलीत डिझेलवर चालणारा बॉयलर आहे आणि घरभर गरम पाणी त्यातूनच येतं. म्हणजे यायला हवं. आई तीन महिन्यांसाठी आली आणि तिसऱ्याच आठवड्यात त्याने दगा दिला. अर्धी बादली भरेपर्यंत पाणी गार, आणि महिनाभर पुरणारी डिझेलची टाकी पंधरा दिवसांत रिकामी. इथली जानेवारीतली थंडी नाशिकसारखीच हाडांत शिरते. आंघोळीशिवाय आई देवापुढे बसत नाही, हे तुम्हाला काय सांगायचं? चार दिवस तिने गार पाण्यानेच आंघोळ केली. पाचव्या दिवशी गुडघे चोळत म्हणाली, "माझं तिकीट अलीकडचं करून दे रे. तुला उगाच ताप." इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याकडे राहायला आलीय. डेअरीतले मोठाले बॉयलर माझ्या हाताखाली चालतात, आणि मला आईला एक बादली गरम पाणी देता येईना.

मी काय काय नाही केलं? बर्नर साफ केला, डिझेलचा फिल्टर बदलला, पंपाला शिव्या घातल्या. तापमानाचा काटा मात्र पहिल्यापासून शेवटच्या आकड्यावर होता, त्याला हात लावायचं डोक्यातच आलं नाही. ही तुमची करणी. आठवतंय? मी दहा वर्षांचा आहे, मामा आलेत, आणि न्हाणीघरातल्या बंबाचं पाणी मी सरळ अंगावर घेता येईल इतकंच तापवलंय. मोठा शहाणपणा केला, अशा थाटात मी उभा. तुम्ही बादलीत बोटं बुडवता आणि मामांच्या देखत म्हणता, "पाहुण्याला कोमट पाणी? पाणी कढत द्यायचं. विसण ज्याचं त्याने घालावं." मग बंब पुन्हा पेटवायला लावता. धुराने माझे डोळे चुरचुरतायत, मामा टॉवेल खांद्यावर टाकून ताटकळलेत. तेव्हापासून माझ्या घरात पाणी कढतच. आधी उकळा, मग गार पाणी ओतून निववा. डिझेल जळतंय तर जळू दे.

शेवटी पेशावरकडचा एक म्हातारा मेकॅनिक आणला. त्याने आतली कॉइल उघडली, तर तिच्यावर बोटभर पांढरा थर. "साहब, यहाँ का पानी इतना भारी, और आपने काँटा फुल पे रखा? जितना उबालोगे, उतना पत्थर जमेगा. थोड़ा और चलाते तो खलास था." थरामुळे उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नव्हती, धुराड्यातून वर जात होती. याच गोष्टीवरून डेअरीतल्या ऑपरेटरांना मी फैलावर घेतो, बाबा! त्याच्यासमोर मान वर करायची सोय उरली नाही. दोन दुपारी खपून त्याने थर काढला, काटा साठ अंशांवर आणला आणि "अब हाथ मत लगाना" असं दरडावून गेला.

दुसऱ्या दिवशी आई आंघोळ करून आली ती ताजीतवानी होऊन. "दोन तांबे विसण पुरलं बघ. मला असंच लागतं. तुझे बाबा कढत काढून ठेवायचे, मी आपली गार पाणी ओतत बसायचे."

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

"त्यांना कोण सांगणार?" म्हणाली आणि हसत देवापुढे बसली. तिकिटाचं तिने पुन्हा नाव काढलेलं नाही.

तेव्हा तुमचं चुकलं होतं, हे एकदा लिहून ठेवतो. टाकी आता महिनाभर पुरेल. हा कागद बॉयलरच्या पुस्तकात घालून ठेवणार आहे, तिथे कुणी पाहत नाही. फक्त एक गोष्ट आईला सांगितलेली नाही. साठ अंशांच्या त्या पाण्याने मला आंघोळ झाल्यासारखं वाटत नाही.