झाडाच्या वतीनं

३ जून
ऐन उन्हाळ्यात बर्फाचं गाणं म्हटलं, तर ते बर्फाला ऐकू जातं का? — बालवाडीतल्या इत्सुकीचा आजचा प्रश्न. चार वर्षं विद्यापीठात गाणीच शिकले, घरातली पहिली पदवीधर, आणि पाच वर्षांच्या पोरीपुढे गप्प!

प्रश्नाचं मूळ कुमेजी आजोबा. वय सत्त्याऐंशी. मुलांची बारा महिन्यांची बारा गाणी येणारा आमच्या गावातला हा शेवटचा माणूस. शहरातल्या संग्रहालयानं मला एप्रिलपासून त्यासाठीच नेमलंय — डिसेंबरअखेर सगळी गाणी रेकॉर्डिंगच्या यंत्रात भरून द्यायची. दिली, तर तिथेच कायमची नोकरी. बाबांनी गावभर सांगूनही टाकलंय.

आज आजोबांनी काजव्यांचं गाणं दिलं. मी लगेच बर्फाचं मागितलं.
"बाहेर बघ. बर्फ आहे?"
"नाही."
"मग?"
ज्या ऋतूचं गाणं, ते त्याच ऋतूत. संपलं!

७ जुलै
ताऱ्यांच्या सणाला बालवाडीत बांबूच्या फांदीला इच्छेच्या चिठ्ठ्या बांधल्या. माझ्या चिठ्ठीत — हिवाळ्याची चारही गाणी मिळू देत. आजोबांनी वाचली. "चिठ्ठीनं थंडी लवकर येत नाही, चिनात्सु." मुलं हसली. मी नाही.

२ ऑगस्ट
मिळालं! बर्फाच्या गाण्याचे शब्द शाळेच्या एका जुन्या वहीत, चाल भाजीवाल्या काकूंकडून. बालवाडीतल्या अकरा मुलांकडून म्हणवून घेतलं, यंत्रात भरलं. घामाघूम होऊन बर्फ बर्फ करत नाचली सगळी. आजोबांना कळवलेलं नाही. त्यांचा माझ्यावर विश्वास नाही, हेच खरं.

५ ऑगस्ट
समुद्रावरून थंड वारा सुटलाय. तीन दिवस. ऊन नाही. भात फुलोऱ्यात आहे — अशा वाऱ्यात कणसं पोकळ राहतात. बाबांनी स्वेटर चढवला. ऑगस्टमध्ये! दर तासाला बांधावर जाऊन येतात.

दुकानात कुणीतरी म्हणालं, "शिकलेल्यांना थंडीची घाई झाली होती म्हणे!" बाबा ताडकन म्हणाले, "माझ्या पोरीच्या गळ्यात एवढी ताकद असती, तर तुझं घोरणं नसतं का थांबवलं तिनं?" सगळे हसले. मी घरी येऊन रडले.

८ ऑगस्ट
आजोबांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी चहा दिला, मुरवलेली काकडी पुढे केली.
"मला वाटलं, तुम्ही मला परकी समजता."
"वेडे! तुझ्या आजीबरोबर शाळेत होतो मी. परकी कुठली?" मग काठी घेतली. "पोरांना बोलाव. मागच्या दारानं पाहुणा आणलास, आता त्याला वेशीपर्यंत पोचवायला हवं."

अकरा मुलं, पुढे आजोबा, शेतांच्या कडेनं सिकाडा किड्यांचं, उन्हाचं गाणं. वाऱ्यात त्यांचा आवाज फाटत होता. गुडघा दुखत होता, तरी थांबले नाहीत. माझा एक हात त्यांच्या कोपराखाली होता, दुसरा इत्सुकीच्या हातात. यंत्र चालू करायचं लक्षातच आलं नाही!

११ ऑगस्ट
ऊन. कडकडीत, देवासारखं ऊन!
हवेचा दाब, वाऱ्याची दिशा — शिकलेय मी सगळं. तरीही 'योगायोग' हा शब्द आज लिहवत नाही.

२९ सप्टेंबर
कापणी. दाणा भरलेला. बाबांनी पहिला तांदूळ माझ्या हातून आजोबांकडे पाठवला. किती जणांचे आभार मानू? यादी करायला बसले आणि नुसतीच बसून राहिले.

२० ऑक्टोबर
आजोबांच्या अंगणातल्या पर्सिमनच्या झाडाला यंदा सातच फळं. मी किडीचं औषध सुचवलं.
"कीड नाही. चार वर्षं कुणी विचारलंच नाही त्याला."
पंधरा जानेवारीला विचारायचं असतं. एकानं कुऱ्हाड बुंध्याला लावून गाण्यातच दरडावायचं — फळं देतोस, की तोडू? दुसऱ्यानं झाडामागं उभं राहून झाडाच्या वतीनं कबूल व्हायचं. ते काम आजोबांच्या बायकोचं, फुसे आजींचं होतं. अठ्ठावन्न वर्षं.
"विचारणारा आहे," म्हणाले. "उत्तर देणारी गेली."

१९ नोव्हेंबर
आजोबा इस्पितळात. न्यूमोनिया. संग्रहालयातल्या कुराता बाईंचा फोन — "यंत्र घेऊन जा. खोकत म्हटलं तरी चालेल, खोकला आम्ही काढून टाकू." मी नेलं. लिहायला लाज वाटते, पण नेलं.

त्यांनीच विषय काढला. "लाव तुझं यंत्र. चार राहिलीत. मी गेलो तर ती तरी राहतील." मी कळ दाबली. लाल दिवा लागला. त्यांनी आधी खिडकीबाहेर पाहिलं. गिंको झाडाची पिवळी पानं. बर्फ नाही. त्यांच्या मुठीत पांघरूण गच्च आवळलेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडणार होते — माझ्यासाठी.

मी यंत्र बंद केलं.
"बर्फ पडू दे, आजोबा."
"आणि तोवर मी नसलो तर?"
मी यंत्र पिशवीत टाकलं. ते हसले. "शिकलीस बाई एकदाची!"

१२ डिसेंबर
आजोबा घरी आले! दुपारी बर्फही आला. खिडकी उघडायला लावली आणि बर्फाचं गाणं म्हटलं. पूर्ण. माझी वही, माझं यंत्र, दोन्ही पिशवीतच. मी फक्त ऐकलं.

३१ डिसेंबर
ऑगस्टातलं बर्फाचं गाळून आठ महिन्यांची गाणी पाठवली. कुराता बाई रागावल्या नाहीत. "उरलेली चार जानेवारीअखेर द्या. एक फेब्रुवारीला रुजू व्हा. जागा धरून ठेवलीय." भल्या बाई आहेत. म्हणूनच अवघड आहे.

१३ जानेवारी
यंत्रातलं गाणं कुणीही, कधीही लावणार. भर ऑगस्टात. मीच म्हणवून घेतलं होतं की!
बाबांना म्हटलं, "मी गेलेच नाही शहरात, तर?" ते सोबा शेवया खात होते. एक भुरका. मग म्हणाले, "गावभर सांगून ठेवलंय मी." आणखी एक भुरका. "त्यात काय, परत फिरून सांगेन."

१५ जानेवारी
गुडघाभर बर्फ. यंत्र घरी ठेवलं. आजोबांनी कुऱ्हाड बुंध्याला लावून गाण्यात दरडावलं. झाडामागं मी आणि अकरा मुलं — "देईन, देईन!" सगळ्यांत मोठ्यानं इत्सुकी. मग कुऱ्हाडीनं बुंध्याला पडलेल्या खाचेवर लाल चवळीची पेज लावली. आजोबा डोळे पुसत म्हणाले, "पुढच्या वर्षी कुऱ्हाड तू धर."
मी हो म्हटलं. कुराता बाईंना नकाराचं पत्र सकाळीच टाकलं होतं.