डोळे मिटून बसलेला बाबा

३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला गेलो की माझा आवाज चढतो आणि तू फोन ठेवतेस, म्हणून पत्र. खारूला तुझ्याकडे पाठवून महिना होत आला. पाठवायचं तुझ्या वहिनीनेच ठरवलं आणि मला विरोध करायला तोंड नव्हतं. पोरीने शाळेसाठी केलेला पुठ्ठ्याचा पूल मी भिंतीवर फेकला. कारण काय, तर तो माझ्या खुर्चीवर होता! तिच्या अंगाला बोटही लावलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो. आता सांगत नाही.

कामावरही तेच. गाडी शिकवताना एका आजीबाईंवर एवढा ओरडलो, की त्या सिग्नलला दार उघडून उतरल्या आणि चालत घरी गेल्या. मालकांनी काढून टाकलं नाही, पण एका समुपदेशक बाईंच्या वर्गाला जायची अट घातली. तिथे आम्ही सगळी तापट मंडळी गोल करून बसतो आणि आपापल्या श्वासाकडे बघतो. बाई म्हणतात, मेंदूत खोलवर एक धोक्याची घंटा असते. तिला साप आणि पुठ्ठ्याचा पूल यांतला फरक कळत नाही, ती वाजते. कपाळामागचा भाग ब्रेक लावतो, पण तो जरा उशिरा पोचतो. तेवढा वेळ डोळे मिटायचे आणि श्वासावर लक्ष ठेवायचं. ब्रेकचं म्हटल्यावर मला पटलं. शिकाऊ गाडीत माझ्या पायाशीही एक जादा ब्रेक असतोच.

रोज सकाळी बसतो. तू हसशील, हस. पण खारू कधी येणार ते लिही. दाराशी तिच्या चपला दिसत नाहीत, करमत नाही.

लोभ असावा, असं हक्काने लिहायची सध्या सोय नाही, तरी असावा.

तुझा
धाकटा

१० जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हसले, पोटभर हसले. जेवतानाही एका जागी न बसणारा तू श्वासाकडे बघत बसतोस म्हणजे त्या बाईंना बक्षीस द्यायला हवं. पण थट्टा पुरे. त्या सांगतात त्यात तथ्य आहे. मी दिवसभर लोकांच्या डोक्याला तारा चिकटवून मेंदूचा आलेख काढते. त्यात राग असा काही दिसत नाही. पण माणसाला डोळे मिटून स्वस्थ पडायला सांगितलं, की डोक्याच्या मागच्या बाजूच्या रेघा बघता बघता संथ होतात. इतकी वर्षं झाली, तरी ते बघायला मला आवडतं. तेव्हा तू डोळे मिटत जा आणि चार दिवसांत सोडून देऊ नकोस. अंगवळणी पडायला वेळ लागतो.

खारू जेवते, अभ्यास करते, माझ्या मांजराला लाडावून ठेवते. तुझ्याबद्दल विचारत नाही. तुझा विषय निघाला, की खाली मान घालून ऐकत मात्र असते. येत्या रविवारी मला तुमच्याकडे काम आहे, दिवसभर तिला तुझ्याकडे सोडते. फार गाजावाजा करू नकोस.

राग आवर. लोभ आवरलास तर बघ.

तुझी
ताई

१९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू मला काही विचारलं नाहीस, तिचा हात धरून निघून गेलीस. म्हणून मीच लिहितो.

दुपारपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग तिच्या हातून माझा चष्मा पडला आणि काच तडकली. माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. पण ताई, मी चुकलो नाही. बाईंनी शिकवलं तस्संच केलं. जागच्या जागी थांबलो, डोळे मिटले, नाकाने सावकाश श्वास घेत राहिलो. एक शब्द तोंडातून काढला नाही. राग उतरला, खरोखर उतरला! आयुष्यात पहिल्यांदा उतरला. डोळे उघडले तर पोरगी समोर नाही. न्हाणीघरात आतून कडी लावून बसली होती. मी हाका मारल्या, हिने मारल्या, तरी तू येईपर्यंत बाहेर आली नाही.

ओरडलो तरी ती भिते, नाही ओरडलो तरी भिते. मग मी करू तरी काय? वर्गाला जाणं बंद केलंय. मालकांना काय सांगायचं ते बघीन.

यापुढे लोभ ठेवायचा की नाही, ते तूच ठरव.

धाकटा

२४ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून जीव तुटला. वर्ग सोडू नकोस. तू चुकला नाहीस, पण तू काय करत होतास ते तिला कळायला काही मार्ग नव्हता.

परतताना बसमध्ये ती म्हणाली, की पूल फेकायच्या आधीही बाबा असाच डोळे मिटून, नाकाने श्वास घेत उभा होता. तिला वाटलं, आता पुन्हा तेच होणार. मला आपले आप्पा आठवले. आप्पांचं असंच होतं, रे. घास खाली ठेवायचे, डोळे मिटायचे, नाकपुड्या फुलायच्या, आणि आई मुकाट्याने काचेची भांडी उचलायला लागायची. तू तेव्हा टेबलाखाली असायचास. तुला फक्त आवाज ऐकू यायचे. आप्पांचा तो चेहरा तू पाहिलाच नाहीस, मी पाहिलाय. रविवारी तुझा चेहरा नेमका तसा दिसला असणार. आतून तू शांत होत होतास, पण बाहेरून तू आप्पा होतास. आणि डोळे मीट म्हणून शहाणपण मीच शिकवलं होतं.

शिकाऊ माणसाला तुझ्या पायाखालचा ब्रेक दिसत नाही. गाडी अचानक थांबली, की त्याला वाटतं आपण धडकलो. तेव्हा बोल. डोळे उघडे ठेव, आणि राग आलाय, छाती धडधडतेय, जे असेल ते तिला मोठ्याने सांग. त्या बाईंनाही विचार. रागाला नुसतं नाव दिलं, तरी ती आतली घंटा जरा मंदावते म्हणतात. तुला लाज वाटेल, वाटू दे.

आणखी एक, वाईट वाटलं तरी ऐक. खारू स्वतः म्हणेल तेव्हाच तिला पाठवीन. तुझ्या आग्रहाने नाही, वहिनीच्या रडण्यानेही नाही. मी तिची आत्या आहे, पण त्याआधी आप्पांची मुलगी आहे.

तुझ्यावर माझा लोभ आहे, तो ठरवून ठेवलेला नाही, त्यामुळे काढूनही घेता येत नाही.

तुझी
ताई

२ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. (असं लिहायचं असतं म्हणून आईने सांगितलं.)

मांजर कसं आहे? मी पोचले. पहिल्या दिवशी बाबा इतका गोड वागत होता, की मला जास्तच भीती वाटली.

काल मी बाबाचा चहाने भरलेला मोठा मग टेबलावरून ढकलला. चुकून नाही, मुद्दाम. मला बघायचंच होतं. आई एकदम थांबली. बाबाचे डोळे मिटायला लागले, पण त्याने ते परत उघडले. माझ्याकडे बघून तो मोठ्याने म्हणाला, की त्याला खूप राग आलाय, छातीत धडधडतंय, काहीतरी फेकावंसं वाटतंय आणि तो फेकणार नाहीये. आवाज मोठाच होता. मग तो खाली बसला, तिथेच चहात. त्याने विचारलं, की मी मुद्दाम पाडला का. मी हो म्हटलं. मग तो गप्प झाला आणि लगेच म्हणाला, की तो गप्प आहे तो रडू येतंय म्हणून, राग आलाय म्हणून नाही.

भीती वाटली. पण मी न्हाणीघरात गेले नाही. मला वाटलं होतं, असं झालं की एकदम बरं वाटेल. तसं नाही झालं. मला अजून काहीतरी पाडावंसं वाटतंय, परत असंच होतं का ते बघायला. हे वाईट आहे का, ते लिही. आईला विचारलं तर तिला पण रडू येतं.

रात्री बाबाने विचारलं, की माझ्या बॅगेतले कपडे काढून कपाटात ठेवू का. मी म्हटलं, आज नको. तो बरं म्हणाला. मग त्याने बॅग उचलली आणि माझ्या हाताला लगेच येईल अशी बाहेरच्या दाराजवळ नेऊन ठेवली.

माझ्यावर लोभ ठेव. आणि तिथली माझी गादी एवढ्यात उचलू नकोस.

तुझी
खारू